निंबा नानांच्या गाठीची तीन मापे

निंबा नानांच्या डाव्या मूत्रपिंडातील गाठ डिसेंबर १९८९ मध्ये २.७ सेंटिमीटर होती, मे १९९० मध्ये ३.३ आणि डिसेंबर १९९० मध्ये पुन्हा २.७. तिन्ही मापे चाळीसगावच्या एकाच दवाखान्यात, एकाच यंत्रावर, एकाच डॉक्टरांनी घेतली होती.

नाना माझ्या वडिलांचे धाकटे भाऊ. भडगावला बसस्टँडच्या मागच्या गल्लीत त्यांचे मोटार वाइंडिंगचे दुकान होते. विहिरीवरची जळालेली मोटार ते उघडत, काळी पडलेली तार उपसून काढत, नवी तांब्याची तार भरत आणि वार्निश पाजून दोनशे वॅटच्या दिव्यांखाली वाळत ठेवत. तो वार्निशचा वास माझ्या शाळेच्या दिवसांना कायमचा चिकटलेला आहे. शाळा सुटली की मी दुकानात जाई. नाना तारेचे वेढे घालत आणि मी मोठ्याने मोजत बसे.

"मंदा, मन लाई मोज," ते म्हणत. "चुकशी तर बठ्ठं उकलनं पडी."

मी चुकले तर ते खरोखरच सगळे उकलत. रागवत नसत, पण अंदाजाने पुढेही जात नसत. एकदा बासष्ट की त्रेसष्ट यावर माझा गोंधळ झाला, तेव्हा त्यांनी एका वेढ्यासाठी बासष्ट वेढे सोडले. पुढे मी पदार्थविज्ञान शिकले आणि जळगावच्या एका महाविद्यालयात तेच शिकवू लागले. मापाशी प्रामाणिक राहावे लागते, ही गोष्ट मला विद्यापीठाने शिकवली असे मात्र मी म्हणणार नाही.

दुकानाला हंगाम होता. दिवाळीपासून गव्हा-हरभऱ्याच्या पाण्यासाठी सगळ्या शिवारातल्या मोटारी एकदम चालू होत, व्होल्टेज खाली येई, तरी लोक मोटारी ओढत राहत आणि त्या जळत. शिवरात्रीपर्यंत दुकानात पाय ठेवायला जागा नसे. रावेर-यावलकडे केळी असल्यामुळे तिकडच्या मोटारींना बारा महिने काम. आमच्या बाजूच्या विहिरी मात्र चैत्रात तळ दाखवत. वैशाखात नाना पंख्याखाली झोपून काढत, नाहीतर नातेवाइकांकडे जाऊन येत.

त्यांना मुतखड्याचा जुना त्रास होता. उजवे मूत्रपिंड खड्यांनी निकामी करून टाकले होते. १९८४ साली धुळ्यात काढलेल्या चित्रात ते आखडून सुपारीएवढे झालेले दिसत होते. सगळे काम डाव्यावर चालले होते. डिसेंबर १९८९ मध्ये पुन्हा कळ आली. दुकानात मोटारींचा ढीग पडला होता, तरी यशोदाकाकींनी त्यांना बळेच चाळीसगावला नेले. तिथे स्टेशन रोडला बन्सीलाल डॉक्टरांनी दिवाळीतच सोनोग्राफीचे यंत्र बसवले होते. मुंबईच्या एका नर्सिंग होमने काढून टाकलेले ते यंत्र होते, पण तालुक्यात पहिले होते, आणि ते पाहण्यासाठी म्हणूनही लोक येत.

कळ लहानशा खड्याची होती आणि तो दोन दिवसांत पडून गेला. डाव्या मूत्रपिंडाच्या खालच्या टोकाला मात्र एक भरीव गाठ दिसली. तिच्यामुळे नानांना काहीच होत नव्हते. यंत्र नसते तर ती कुणाला कळलीही नसती.

गाठीचा फोटो आम्हाला दुसऱ्या दिवशी मिळाला. दवाखान्याला लागूनच इसाकभाईंचा 'शहजादी फोटो स्टुडिओ' होता. शहजादी हे त्यांच्या थोरल्या मुलीचे नाव. यंत्राच्या दुसऱ्या पडद्यासमोर त्यांचा कॅमेरा स्टँडवर कायमचा बसवलेला असे. डॉक्टर बटण दाबत, संध्याकाळी इसाकभाई रोल काढून नेत आणि सकाळी फोटो धुऊन आणत. लग्नाच्या फोटोंना असतो तसा नागमोडी काठ त्यांनी याही फोटोला कापला होता.

नानांनी फोटो उलटसुलट करून पाहिला. "इसाकभो, हाई मनी किडनी शे का नवरी?"

"नाना, आपल्याकडून जाईल ते काम चांगलंच जायला पाहिजे," इसाकभाई म्हणाले. "किडनी असो, नवरी असो."

अहवाल आणि फोटो घेऊन मी नानांबरोबर धुळ्याला गेले. चाळीसगावहून धुळ्याची पॅसेंजर तेव्हा इतकी निवांत चालत असे, की बोरविहीरला खाली उतरून पाणी पिऊन परत चढलेला माणूस मी स्वतः पाहिलेला आहे. नानांनी वाटेत शेव-मुरमुरे घेतले आणि समोरच्या बाकावरच्या अनोळखी शेतकऱ्याला त्याची मोटार कुठल्या कंपनीची, किती अश्वशक्तीची आणि कोणत्या साली जळाली हे विचारत बसले. आपण कशासाठी चाललो आहोत हे त्यांनी त्याला सांगितले नाही. त्यानेही विचारले नाही.

धुळ्याचे सर्जन वयाने माझ्याएवढेच, बोलण्यात तुटक आणि नेमके होते. त्यांनी टेबलावर कागद ओढून दोन घेवड्याच्या बिया काढल्या, एक मोठी आणि एक वाळकी, आणि मोठीच्या टोकाला एक ठिपका दिला.

"ही गाठ काय आहे ते मी सांगू शकत नाही," ते म्हणाले. "कर्करोग असू शकतो. साधीही असू शकते. जुन्या पुस्तकांत तीन सेंटिमीटरच्या आतली असेल तर तिला सौम्य समजायचे, असा एक नियम आहे. गाठीने मात्र ते पुस्तक वाचलेले नसते."

"सुई घालून तुकडा काढता येणार नाही?" मी विचारले.

"येईल. पण त्यात काही सापडले नाही, तर सुई बाजूला गेली असेल ही शंका मला राहीलच. आणि सुईच्या वाटेने रोग पसरायची भीती असते. दोन्ही मूत्रपिंडे धड असती तर मी आजच म्हटले असते, हे अख्खे काढून टाकू. इथे ती सोय नाही. रक्त तपासून घ्या, मे महिन्यात पुन्हा मोजा. वाढली तर बोलू."

रक्तातले क्रिएटिनिन १.५ आले. मूत्रपिंडाला जे बाहेर टाकता येत नाही ते रक्तात साठते, आणि किती साठले ते हा आकडा सांगतो. एकट्या मूत्रपिंडाच्या मानाने दीड ठीक होते.

मे महिन्यात गाठ ३.३ भरली.

या वेळी धुळ्याचे सर्जन कागदावर चित्र काढत बसले नाहीत. पाच महिन्यांत सहा मिलिमीटर म्हणजे गाठ जोरात आहे, असे त्यांनी सांगितले आणि तीन रस्ते समोर ठेवले. पहिला, डावे मूत्रपिंड पूर्ण काढणे; त्यानंतर आठवड्यातून दोनदा यंत्रावर रक्त धुऊन घेणे आले, आणि ते यंत्र मुंबईत. दुसरा, फक्त गाठ आणि तिच्याभोवतीचा थोडा चांगला भाग कापून उरलेले मूत्रपिंड शिवणे. मुंबईत असे करणारे दोन-चार जण होते. पण रक्त आवरले नाही तर टेबलावरच सगळे काढावे लागते, आणि इतक्या वेगाने वाढणाऱ्या गाठीला तिच्या कडेने कापण्याचा धोका कोणी घेईल असे त्यांना वाटत नव्हते. तिसरा रस्ता थांबून मोजत राहण्याचा. तो, ते म्हणाले, या आकड्यानंतर बंद झाला.

नाना ऐकत होते. मग त्यांनी विचारले, "डॉक्टरसाहेब, एक कॉइल जळनी तर कोनी बठ्ठी मोटार भंगारमा देस का?"

"मोटारीतली एक जळकी कॉइल शेजारच्या कॉइलमध्ये पसरत नाही, नाना."

"पसरस," नाना म्हणाले. "येळवर काढी नही तर पसरसच. म्हनीसनच सांगस, तितलीच काढा. मनाकडे एकच मोटार चालू शे."

सर्जन प्रथमच हसले. "मुंबईला चिठ्ठी देतो. ते काय म्हणतात बघा. पण उशीर करू नका."

नानांनी चिठ्ठी खिशात ठेवली आणि मुंबईला गेले नाहीत. तिथे जाऊन पोट उघडायचे आणि परत यायचे ते एकही मूत्रपिंड न घेता, हे त्यांना मान्य नव्हते. त्याच सुमारास यशोदाकाकींना जामनेरकडच्या एका माणसाचा पत्ता लागला. तो गाठी विरघळवणारी पुडी देत असे. राखाडी भुकटी, सकाळ-संध्याकाळ मधातून. मी विरोध केला. पुडीत काय आहे हे त्याला विचारा, असे म्हटले. काकी म्हणाल्या, तुझ्या कॉलेजच्या बाटल्यांत काय असतं ते आम्ही विचारतो का? याला माझ्याकडे चांगले उत्तर होते, पण ते त्यांनी ऐकून घेतले नाही. नाना सहा महिने ती भुकटी नेमाने खात राहिले.

डिसेंबर १९९० मध्ये बन्सीलाल डॉक्टरांनी पुन्हा मोजले, तेव्हा गाठ २.७ झाली होती.

मी भडगावला पोचले तेव्हा काकींनी गल्लीभर पेढे वाटून झाले होते. चुलीवर कढी उकळत होती आणि डाळीचे फुनके वाफवून परातीत काढलेले होते. दुकानात मोटारी दाटीने मांडून ठेवल्या होत्या आणि नाना त्यांच्यामध्ये बसून तार भरत होते.

"आते बोल, मास्तरीन," काकी म्हणाल्या. "गाठ उतरनी का नही?"

"आकडा उतरला, काकी."

"म्हंजे? आकडा तं तुन्या त्या डॉक्टरनाच शे ना? मे मा वाढनी व्हती तैं तू मानं. आते उतरनी तं मानस नही?"

त्यांचे म्हणणे तर्काला धरून होते. वाढीचा आकडा मी बिनतक्रार स्वीकारला होता. उतरणीचा आकडा त्याच हातून आला होता, आणि तो मला नको होता, एवढाच माझा आक्षेप होता.

नानांनी वेढा थांबवला नाही. "मंदा, तुन्या फिजिक्समा याले काय म्हंतस?"

"मला माहीत नाही, नाना."

"मंग पुडी चालू राही."

त्या रात्री आनंदाने जेवायला काहीच हरकत नव्हती. पण माझ्या पर्समध्ये धुळ्याच्या सर्जननी लिहिलेले पत्र होते. नानांचे क्रिएटिनिन २.३ झाले होते. एका वर्षात दीडवरून सव्वादोनच्या वर. गाठीने असे होत नाही, त्यांनी लिहिले होते. पुडी आधी बंद करा, नाहीतर आम्ही वाचवायला निघालो ते मूत्रपिंड ती भुकटीच संपवेल. पत्र मी मोठ्याने वाचून दाखवले. काकींनी ऐकले आणि म्हणाल्या, औषध गाठीशी भांडतं आहे, तर थोडा धूर निघणारच.

म्हणजे परिस्थिती अशी होती. नानांकडे एक मूत्रपिंड होते. ते पुडीने जात होते. पुडी थांबवायची तर तिने गाठ उतरवली नाही हे दाखवावे लागणार होते, म्हणजे तीन आकड्यांतला निदान एक खोटा ठरवावा लागणार होता. तिन्ही आकडे खरे निघाले असते तर काकी जिंकल्या असत्या आणि पुडी चालू राहिली असती. शेवटचा खोटा निघाला असता तर गाठ वाढतच होती, आणि सर्जननी सगळेच कापायला सांगितले असते. माझी इच्छा मधला खोटा निघावा अशी होती. इच्छा हा पुरावा नसतो, हे मी दर वर्षी जूनमध्ये नव्या मुलांना सांगत असे.

निघताना मी काकींकडून तिन्ही फोटो मागून घेतले. वीजबिलांच्या पिशवीत ते एकावर एक ठेवलेले होते. मधला फोटो दोन्ही बाजूंनी थोडा बाहेर डोकावत होता. मी ते टेबलावर ठोकून बरोबर केले. तो तरीही डोकावला. पहिला आणि तिसरा फोटो अगदी सारख्या आकाराचे होते आणि मधला त्यांच्याहून बोटभर मोठा होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चाळीसगावला उतरले. बन्सीलाल डॉक्टर सज्जन गृहस्थ होते आणि प्रश्नाने दुखावले गेले नाहीत.

"मॅडम, मशीन खोटं बोलत नाही," ते म्हणाले.

"मशीन मोजतं की तुम्ही?"

"मशीनमध्ये मोजायची सोय आहे, पण ती बिघडलेलीच आली. मुंबईचा माणूस दुरुस्तीला येईन येईन म्हणतोय. मी फोटोवर मोजतो. पट्टीने."

टेबलाच्या काचेखाली एक चिठ्ठी होती. तिच्यावर निळ्या शाईने लिहिले होते: 'फोटो × २'. दिवाळीत यंत्र बसवले तेव्हा त्यांनी पहिल्याच फोटोवर हे प्रमाण काढले होते. पडद्याच्या काठाला यंत्र ओळीने ठिपके दाखवते. दोन ठिपक्यांमधले अंतर म्हणजे शरीरातला एक सेंटिमीटर. त्या फोटोत ठिपके अर्ध्या सेंटिमीटरवर होते. म्हणून गुणिले दोन.

"नंतर ठिपके पुन्हा कधी मोजले?"

"ठिपके फोटोत येतात कुठे?" डॉक्टर म्हणाले. "पहिला फोटो इसाकभाईंनी तसाच कच्चा दिला होता. मग ते नीट कापून द्यायला लागले. पण कॅमेरा हलत नाही, स्टँड जमिनीत गाडलेला आहे. प्रमाण बदलायला कारण काय?"

मलाही कारण दिसत नव्हते. मी शेजारी गेले.

इसाकभाई खुर्चीवर बसून एका साखरपुड्याच्या फोटोंचे काठ कापत होते. त्यासाठी त्यांच्याकडे एक लाकडी पाटाची, नागमोडी पात्याची कातर होती; त्यांच्या वडिलांनी ती मालेगावहून आणली होती.

"इसाकभाई, डॉक्टरांच्या फोटोंचे काठ का कापता?"

"अहो ताई, घाण असते काठाला. चारी बाजूंनी काळं, आणि एका बाजूला ठिपके-ठिपके, जशी काही निगेटिव्हला खरूज लागली. गिऱ्हाईक म्हणेल, इसाकने फोटो बिघडवला. मी चित्र असतं तिथपर्यंत ठेवतो, बाकी उडवतो."

"चित्र मोठं असलं तर मोठा कापता, लहान असलं तर लहान?"

"मग? माप लावून नवरीचं डोकं कापू?"

निगेटिव्ह ठेवली आहेत का, असे मी विचारले. इसाकभाई या प्रश्नाने मात्र दुखावले. बावीस वर्षांत त्यांनी एक निगेटिव्ह फेकले नव्हते. मागच्या खोलीत बिस्किटांचे पत्र्याचे डबे रचलेले होते, प्रत्येकावर महिना आणि साल. दहा मिनिटांत त्यांनी नानांची तिन्ही निगेटिव्ह काढून दिली, पाकिटांवर उर्दू अक्षरांत नाव घातलेली. मी त्यांना तिन्हींचे फोटो न कापता काढून द्यायला सांगितले.

"कच्चे?" ते म्हणाले. "माझं नाव सांगू नका मग."

दुपारी ओले फोटो काचेवर चिकटवून मी पट्टी बाजूला ठेवली आणि केवळ ठिपके मोजले. डिसेंबर १९८९: गाठीची लांबी दोन ठिपक्यांमधल्या अंतराच्या पावणेतीन पटीला किंचित कमी. मे १९९०: पावणेतीन पटीला किंचित कमी. डिसेंबर १९९०: तेवढीच. मेच्या फोटोत गाठ मोठी होती, ठिपकेही तितकेच लांब लांब होते, मूत्रपिंडही मोठे होते, सगळेच मोठे होते. दोन्ही डिसेंबरांच्या फोटोंत चारी बाजूंना रुंद काळी पट्टी होती; मेच्या फोटोत ती जवळजवळ नव्हती. मी पुन्हा मोजले. मग डॉक्टरांना बोलावून त्यांना मोजायला लावले आणि आपला आकडा आधी सांगितला नाही.

तिन्ही वेळा त्यांचाही आकडा तोच आला. "गाठ वर्षभरात हललीच नाही," ते म्हणाले. त्यांनी काचेखालची चिठ्ठी काढून फाडली आणि मला धुळ्यासाठी नवा अहवाल स्वतःच्या हाताने लिहून दिला, मेचे माप चुकीचे होते हे कबूल करून.

भडगावला मी तिन्ही फोटो नानांपुढे ठेवले, दोन ठिपक्यांमध्ये एक सेंटिमीटर असते तेवढे सांगितले आणि बाकी काही समजावले नाही. एवढेच म्हणाले, "मोजा."

नानांनी सुईचे टोक ठिपक्यांवर ठेवत मोजले, पहिला, दुसरा, तिसरा. चष्मा पुसून पुन्हा पहिल्यापासून मोजले. काकी उभ्या होत्या.

"यशोदा," ते शेवटी म्हणाले, "गाठ व्हती तितलीच शे. पहिलेबी, मे माबी, आतेबी."

"मंग पुडीनं काय करं?"

"काही नही करं. मनं रगत खराब करं फक्त." त्यांनी फळीवरचा पुड्यांचा डबा उतरवला आणि काकींच्या हातात दिला. काकींनी तो मोरीत रिकामा केला. वरून पाणी ओतले. सहा महिने त्यांनी स्वतः ती भुकटी मधात कालवली होती. पुडीत काय होते ते मला आजही माहीत नाही. धातूचे भस्म असावे असा माझा तर्क आहे. तपासायला नमुना ठेवायला हवा होता, ते मला त्या वेळी सुचले नाही.

बाकीचे झपाट्याने झाले. न वाढलेली गाठ म्हटल्यावर मुंबईचे सर्जन कडेने कापायला तयार झाले. तिथल्या सीटी स्कॅनमध्ये ती २.७ च भरली. जानेवारी १९९१ च्या मध्याला त्यांनी गाठ आणि तिच्याभोवतीचा बोटभर चांगला भाग काढला, रक्तवाहिनी वीस मिनिटे चिमट्यात धरून, मूत्रपिंड बर्फात ठेवून. उरलेले शिवले. गाठ कर्करोगाचीच निघाली, पण कडा स्वच्छ होत्या. शुद्धीवर आल्यावर नानांनी मला विचारले, "कितला काढा?" मी बोटांनी दाखवले. "बरं," ते म्हणाले, "बाकीनी कॉइल राहू दिन्ही." क्रिएटिनिन महिन्याभरात १.७ वर आले आणि पुढे तेरा वर्षे त्याच्या आसपास राहिले. नाना २००४ साली गेले, ते हृदयाने. त्या दुकानात आता मोबाइलची कव्हरे विकतात. इसाकभाईंचे पत्र्याचे डबे कुठे गेले ते शहजादीलाही सांगता आले नाही; नानांची तीन निगेटिव्ह मात्र माझ्या टेबलाच्या खणात आहेत.

एक प्रश्न त्या डिसेंबरात उरला होता. चित्र लहान-मोठे का होत होते? कॅमेरा स्थिर, भिंग तेच, कागद तोच. मी महिनाभर भिंगाच्या आणि कागदाच्या मागे लागले होते. चुकीच्या ठिकाणी शोधत होते.

उत्तर फेब्रुवारीत एका रविवारी सकाळी भडगावला मिळाले. नाना मुंबईहून परतून पंधरा दिवस झाले होते आणि उशीला टेकून टीव्ही पाहत होते. कृष्णधवल, लाकडी दारांचा. त्या काळी रविवारी सकाळी गल्लीतली निम्मी माणसे अशीच कुणाच्या तरी ओसरीवर बसलेली असत. एकाएकी पडद्यावरच्या राजाचा मुकुट खाली आला, पाय वर गेले, आणि चारी बाजूंनी काळा काठ आत सरकला. कुणालाच त्याचे नवल वाटले नाही. गल्लीत टीव्ही आल्यापासून आम्ही सगळ्यांनीच हे पाहिलेले होते.

"मोटारी चालू व्हयन्यात," नाना म्हणाले, पडद्यावरची नजर न काढता.

मग त्यांनी नजर काढली. माझ्याकडे पाहिले. "मंदा, तो इसाकना कॅमेरा जो पडदा देखस, तो पडदा कसावर चालस?"

मी दर वर्षी तिसऱ्या सत्रात मुलांना टीव्हीच्या पडद्यामागची चित्रनलिका फळ्यावर काढून दाखवत असे. व्होल्टेज उतरले की चित्र आखडते, हे मी परीक्षेतही विचारलेले होते.

सोमवारी प्रयोगशाळेतला व्होल्टमीटर घेऊन मी चाळीसगावला गेले. दवाखान्यात स्टॅबिलायझर होता, पण त्याला जोडायला एकच जागा होती आणि तिथे यंत्र लावलेले होते. फोटोसाठीचा दुसरा पडदा भिंतीतल्या सॉकेटवर चालत होता. सॉकेटवर १७२ व्होल्ट होते आणि पडद्यावरच्या चित्राची रुंदी १४.८ सेंटिमीटर. डॉक्टरांच्या परवानगीने मी तो पडदा स्टॅबिलायझरवर घेतला. २३० व्होल्ट मिळताच चित्र १८.१ झाले. १४.८ भागिले १८.१ म्हणजे ०.८२. २.७ भागिले ३.३ म्हणजेही ०.८२.

गाठ वाढली नव्हती आणि कमीही झाली नव्हती. दिवाळीपासून विजेच्या त्याच वाहिनीवरच्या विहिरींच्या मोटारी चालू होत, व्होल्टेज उतरे आणि फोटोच्या पडद्यावरचे चित्र आखडे. वैशाखात विहिरी आटून मोटारी बंद पडत आणि चित्र पूर्ण आकाराचे होई. गुणिले दोन हे प्रमाण दिवाळीत, आखडलेल्या चित्रावर काढलेले होते, आणि फरक दाखवणारे ठिपके इसाकभाई काठाबरोबर कापून टाकत होते.